मदत हवी आहे: तालुक्याच्या ठिकाणी राहून बालहक्क आणि शिक्षण कायद्याची वकिली कशी उभी करावी?

नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात मी चार वर्षांपासून वकिली करते. शेतीचे दावे, फेरफाराच्या तक्रारी आणि पोटगीचे अर्ज यांवर चरितार्थ चालतो. परंतु मला मुलांचे काम करायचे आहे आणि त्यासाठी तालुका सोडून नागपूरला जाण्याची माझी इच्छा नाही.

आमच्याकडे शिक्षण कायद्याचे वकील म्हणजे शाळा न्यायाधिकरणात शिक्षकांची किंवा संस्थाचालकांची बाजू मांडणारे, असेच समजले जाते. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याखालील ही अपिले महत्त्वाची आहेत आणि त्यांत फीही मिळते. मात्र २००९ चा शिक्षणहक्क कायदा ज्या मुलांसाठी झाला, त्यांचे वकीलपत्र घेणारे कोणी सहसा दिसत नाही. २०२४ मध्ये वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशांतून काही खासगी शाळांना दिलेली सूट मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा मला फार आनंद झाला. तरीही अशा निकालाचा लाभ गावातल्या पालकाला मिळण्यासाठी साधा अर्ज लिहून देणारे माणूस जवळ असावे लागते.

गेल्या जूनमध्ये एक आजी नातवाला घेऊन आल्या. वडील वारल्यावर तो आजोळी आला होता. आधीच्या शाळेने टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) अडवून धरली होती आणि गावची जिल्हा परिषद शाळा टीसीशिवाय नाव घालायला तयार नव्हती. आजींच्या पिशवीत मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड आणि घड्यांवर फाटलेला सातबारा, एवढेच कागद होते. टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम ५ सांगते. तेवढ्याच मजकुराचा एक पानी अर्ज मुख्याध्यापकांना दिला आणि प्रवेश झाला. अशा मुलांच्या सांभाळासाठी मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेसाठी, मुलांच्या काळजी व संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर जाणे मात्र आजींना फार जड गेले, कारण यवतमाळला जायचे म्हणजे मजुरी बुडते. अशा घरातून फी घेणे मला पटत नाही, आणि फी नसेल तर कार्यालयाचे भाडे निघत नाही.

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर माझे नाव आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणतेही बालक, घरचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलास पात्र आहे. तरी माझ्याकडे मुलांची प्रकरणे क्वचितच सोपवली जातात. ती मिळावीत म्हणून सचिवांकडे काय मागणी करावी? मुलांवरील लैंगिक अत्याचाराचे खटले चालवणाऱ्या पोक्सो न्यायालयात विशेष सरकारी वकील होण्यासाठी सात वर्षांची वकिली लागते, तर बालकल्याण समितीच्या सदस्यत्वासाठी वयाची ३५ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि मी आता २९ वर्षांची आहे. समितीला महिन्यातून किमान वीस दिवस बसावे लागत असल्याने, तेथे काम केलेल्या वकिलांनी आपली वकिली कशी टिकवली, हेही जाणून घ्यायचे आहे.

सर्वांत अवघड प्रश्न वेगळाच आहे. एका मोठ्या शिक्षण संस्थेने तिची सर्व प्रकरणे चालवण्याबद्दल मला विचारले आहे. ते वकीलपत्र घेतले तर घरखर्चाची चिंता मिटेल. पण तालुक्यातील बऱ्याच शाळा त्याच संस्थेच्या असल्याने, तेथील एखाद्या मुलाला मारहाण झाली किंवा फीसाठी त्याचा दाखला अडवला गेला, तर मला त्याच्या बाजूने उभे राहता येणार नाही. केवळ शिक्षकांची अपिले घेऊन, संस्थांची कामे नाकारून, तालुक्यात टिकलेले कोणी येथे असल्यास त्यांनी सुरुवातीची वर्षे कशी काढली ते कृपया सविस्तर लिहावे. संस्थेला या महिन्याअखेर उत्तर द्यायचे आहे.