पाकीट घरी ठेवून कोल्हापूर : अनुभव येऊ द्या

पेठकर
जुन्या वहीतून केएमटीचं (आपली शहर बस) एक पुसट तिकीट पडलं आणि पगाराच्या आधीच्या आठवड्यातलं कोल्हापूर आठवलं. म्हणून धागा. ६६.८२ चौरस किलोमीटरात (हद्दवाढीचं नाव काढू नका, धागा पेटेल) २०११च्या जनगणनेप्रमाणे साडेपाच लाख माणूस. एवढ्या दाटीत पन्नासच्या नोटेत काय काय जमतं ते लिहा. "देवळात जा, मिसळ खा" एवढंच लिहिणाऱ्याला पांढरा रस्सा मिळणार नाही. वेळ, जागा आणि काय चुकतं ते लिहा.

सुरुवात रंकाळा तलावानं. पूर्ण फेरी चार-साडेचार किलोमीटर, निवांत चाललं तर तास. सूर्यास्त बघायचा तर चौपाटीच्या बाजूला थांबायचं, सूर्य पाण्यापलीकडं मावळतो. शालिनी पॅलेसच्या बाजूला गेलात तर सूर्य पाठीशी जातो, आणि मग लोक म्हणतात रंकाळ्यात काय नाही. संध्यामठ नीट बघायचा असेल तर एप्रिल-मे. पाणी उतरतं तेव्हा दगडी मंडप खालपर्यंत दिसतो, पावसाळ्यात नुसता वरचा भाग. मात्र उन्हाळ्यातच पाण्याला वासही येतो, तो धरूनच जा.

कट_जादा
देवळात जा, मिसळ खा.

पेठकर
@कट_जादा बस खाली

करवीरवासिनी
अंबाबाईचं देऊळच सांगणार आहे, पण किरणोत्सव. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी किरणं पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा हिशेब. मूर्ती पश्चिमेकडं तोंड करून आहे म्हणून मावळतीचे किरण महाद्वारातून सरळ आत येतात. खरा खेळ शेवटच्या काही मिनिटांचा. महाद्वार, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन (मूर्तीपुढचा कठडा), मग चरण. हा क्रम पाठ करून जा म्हणजे आज किरण कुठं अडकले ते आपलं आपल्याला कळतं.

का अडकतात? १) पश्चिमेला क्षितिजावर ढग, २) धूळ आणि हवेतला दमटपणा, किरण आत येतात पण जोर नसतो (प्राध्यापक मंडळी लक्स मीटर घेऊन बसलेली असतात ती त्यासाठीच), ३) महाद्वार रोडवरची उंच बांधकामं. नोव्हेंबरात परतीचा पाऊस रेंगाळला तर ढगांचा धोका जास्त. जानेवारी-फेब्रुवारीत आकाश बहुतेक मोकळं, त्यामुळे एकदाच जाणार असाल तर तेव्हा जा.

सूर्यास्ताच्या तासभर आधी आत. पाच मिनिटं आधी पोहोचलात तर मोबाईल वर धरलेले हात बघून परत याल.

बिंदूचौक
दर्शनाला रांग मोठी असली तर मुखदर्शनाची रांग वेगळी असते, लवकर सरकते. लांबून दिसतं, पण दिसतं. चपला गाडीत ठेवा. गाडी लांब असणारच आहे.

माहेरचीसाडी_नको
गाडी आणूच नका हो!! शनिवार-रविवार मंदिराभोवती गाडी घेऊन येणाऱ्याला आम्ही हात जोडतो. स्टँडवरून केएमटी, नाहीतर दसरा चौकापर्यंत या आणि चालत. भवानी मंडप, बिंदू चौक, बिनखांबी गणेश, महाद्वार सगळं चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. शहर लहान असल्याचा तेवढाच फायदा

लालमाती
तालमी कुणी लिहीना म्हणून लिहितो. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी. सराव बघायला पैसे लागत नाहीत. पहाटे उजाडायच्या आधी जोर सुरू होतो, दुपारी चारनंतर परत. वस्तादांना विचारून आत जायचं, चपला बाहेर, हौदाच्या (कुस्तीच्या मातीच्या) काठाला बसायचं. मातीत पाय टाकायचा नाही. फोटो विचारल्याशिवाय नाही, फ्लॅश तर नाहीच, लढत चालू असताना पैलवानाचा डोळा हलला की मान अडकते.

काय बघायचं? नवख्याला सगळं मिठ्या मारल्यासारखं दिसतं. फक्त पायांकडं बघा. डाव हातानं लागत नाही, पाय कुठं पडला त्यावर लागतो. ढाक, कलाजंग, एकेरी पट, घिस्सा हे चार ओळखायला शिकलात की पुढची कुस्ती कळायला लागते.

माती साधी नसते. लाल माती चाळून घेतात, त्यात ताक, लिंबाचा रस, गोडं तेल, हळद, काव (गेरू), कापूर. तेल-ताकानं माती मऊ राहते, सोलवटत नाही. हळद-कापूर जखमेसाठी. माती रोज कुदळीनं खणून भुसभुशीत करतात, खणली नाही की दोन दिवसांत दगड. पाणी जास्त पडलं तर चिखल होऊन पकड सुटते, कमी पडलं तर धूळ नाकात. ती खणायचं काम नव्या पोरांकडं, तोच त्यांचा पहिला व्यायाम.

खासबाग मैदानही बघा. शाहू महाराजांनी रोमचं आखाड्याचं मैदान बघून आल्यावर बांधलं, १९१२. मधला हौद खाली आणि भोवती चढती बैठक, म्हणून शेवटच्या रांगेतूनही डाव दिसतो. मोठ्या मैदानाला तिकीट असतं, पण कुस्त्या लहान पोरांपासून सुरू होतात, लवकर जाऊन बसा. गडी रंगात येईपर्यंत संध्याकाळ होते.

कट_जादा
थंडाई राहिली

लालमाती
एका मोठ्या ग्लासाला : बदाम १५ रात्री भिजवून सोललेले, खसखस १ चमचा (तीही भिजवून), बडीशेप अर्धा चमचा, काळी मिरी ४-५, वेलची २, मगज १ चमचा. कुंडीत घोटायची, मिक्सरात नाही. मिक्सर गरम होतो आणि बदामाचं तेल सुटून वर तरंगतं. घोटताना दूध चमचा-चमचा घालायचं. एकदम ओतलं की गुठळ्या. साखर सगळ्यात शेवटी. हे प्यायचं ते हजार जोर मारणाऱ्यानं. खुर्चीत बसणाऱ्यानं अर्धा ग्लास घ्यावा.

डॉक्टरीणबाई
आता कुणीतरी गंगावेशीचा दूध कट्टा लिहिणारच, त्याआधी सांगते. म्हशीची धार समोर ग्लासात, फेस, वगैरे सगळं खरं. पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय दोन्ही येऊ शकतात. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेहवाले यांनी तिथं उभं राहून पिऊ नये. किटलीत घ्या, घरी उकळी आणा. बघायला मात्र जरूर जा.

गवळी_गल्ली
@डॉक्टरीणबाई आमच्या आजोबांना नव्वदीपर्यंत काही झालं नाही

डॉक्टरीणबाई
ज्यांना झालं ते इथं लिहायला येत नाहीत.

पायताण
😂😂 बाई एकदम ढाक

शाहूस्टेडियम
फुटबॉल!! थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत हंगाम, शाहू स्टेडियमवर. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ. तालमीचं नाव आणि फुटबॉलचा संघ, हे बाहेरच्याला आधी समजतच नाही. तिकीट किरकोळ. सामना साधारण चारला, तेव्हा ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणून पश्चिमेच्या बाजूला बसा, ऊन पाठीवर राहतं. समोर बसलात तर दोन तास कपाळावर हात धरून बघाल. कुठल्या पेठेचे लोक कुठं बसतात ते आधी विचारा आणि उगाच चुकीच्या घोळक्यात गोल झाल्यावर उडी मारू नका. पोरं बरोबर असतील तर शेवटची पाच मिनिटं सोडून बाहेर पडा, पाटाकडील-खंडोबा असेल तर दहा.

पेठकर
खंडोबा हरतंय म्हणून लवकर बाहेर पडतात लोक

शाहूस्टेडियम
@पेठकर बोलू नको भावा, धागा तुझा आहे म्हणून सोडतो

जुनाराजवाडा
टाऊन हॉलचं संग्रहालय. तिकीट नाममात्र, सोमवारी बंद. लोक तोफा बघून बाहेर येतात. आत पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या उत्खननातल्या वस्तू आहेत, त्यात पोसायडनची कांस्यमूर्ती. ग्रीकांचा समुद्रदेव इथं नदीकाठी, म्हणजे व्यापार कुठवर होता बघा. मूर्ती लहान आहे, मोठी शोधत फिरलात तर समोरून निघून जाल. आणि बिंदू चौकातले फुले-आंबेडकरांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० चे. बाबासाहेब हयात असताना उभारलेला पुतळा आहे तो. पाच मिनिटांचं काम, रोज हजारो जण वळसा घालून जातात.

पायताण
चप्पल लाइन. घ्यायची नसली तरी शिकायला जा. उलटी करून बघा. तळाला खिळे दिसले तर ठेवा परत, खरी कोल्हापुरी चामड्याच्याच वादीनं शिवलेली असते. वास घ्या. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेल्या चामड्याला मातकट वास येतो. रंगाचा उग्र वास आला की समजा वरून फासलंय. तळ हातानं वाकवा, पुठ्ठा असेल तर घडी राहते.

नवी चावते? अंगठ्याच्या आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला एरंडेल, कापसाच्या बोळ्यानं, रात्रभर. खोबरेल नको, थंडीत थिजतं. भरपूर तेल ओतू नका, चामडं ढिलं पडून पट्टा सुटतो. पहिले चार दिवस घरात तासभर घाला. पावसात नाही म्हणजे नाही. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात ठेवली की पापडासारखी वाकडी.

सांगलीची_सून
मार्च-एप्रिलमध्ये आलात तर चटणीच्या कांडपावर जाऊन बसा, शिंका फुकट 😀 प्रमाण कुणाला हवंय का

कट_जादा
विचारायचं असतं होय, टाका

सांगलीची_सून
१ किलो मिरची (६०० ग्रॅम ब्याडगी रंगाला, ४०० संकेश्वरी तिखटाला), कांदा अर्धा किलो, लसूण पाव किलो, सुकं खोबरं पाव, धने पाव, तीळ १०० ग्रॅम, जिरं ५० ग्रॅम, खडे मीठ पाव, तेल लागेल तसं, बाकी गरम मसाला आपापल्या घरचा. कांदा उभा चिरून दोन दिवस कडक उन्हात, मग तळायचा. हाताने दाबला की चुरा झाला पाहिजे. ओलसर राहिला की जूनमध्ये बुरशी, वर्षाची चटणी गेली. मिरचीचे देठ घरूनच काढून न्या, तिथं वेळ जातो. कुटून आल्यावर गरम असते, लगेच बरणीत भरू नका, झाकणाला घाम सुटतो. परातीत पसरून गार करा.

वाडीकर
पावसाळा कुणीच लिहिला नाही. कोल्हापूरकर पूर बघायला जातो हे जगाला सांगा. आकडे लक्षात ठेवा : पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ धोका. २०१९ आणि २०२१ला दोन्ही वेळा ५५ च्या वर गेलं होतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे सात, एकेकातून १४२८ क्युसेक (सेकंदाला घनफूट). तलाव भरला की आपोआप उघडतात, माणूस लागत नाही. "पाचवा उघडला" असं कळलं की शहरात पाणी लगेच वाढत नाही, काही तास जातात. त्यामुळे घाटावर जाऊन "काय वाढेना" म्हणणारे घरी जातात आणि रात्री सुतारवाड्यात पाणी येतं.

पाऊस थांबला तरी पाणी का उतरत नाही? पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच फुगलेली असली तर आपलं पाणी जाणार कुठं. फुगवटा मागं येतो आणि इंचाइंचानं उतरतं.

बघायचं ते ३९ च्या आत, आणि घाटाच्या पायऱ्यांवर उतरून नाही. शेवाळ असतं, पाण्याखालची पायरी दिसत नाही. धोक्यापुढं गेलं की बॅरिकेडजवळ गर्दी करू नका, बोटी आणि ट्रॅक्टरना तोच रस्ता लागतो. वाडीला दक्षिणद्वार सोहळा असेल तर मात्र या, पाणी उत्तरेच्या दारातून आत येऊन दक्षिणेनं बाहेर पडतं, त्यात स्नान.

माहेरचीसाडी_नको
वाडीला एसटीत बायकांना अर्धं तिकीट, ७५ वरच्या आजी-आजोबांना फुकट, ६५ ते ७५ अर्धं. ओळखपत्र मूळ न्या. पन्हाळ्यालाही तेच, २० किलोमीटर आहे. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी सगळं चालत होतं. पावसाळ्यात धुकं पडलं की मात्र हात पुढं केलेला दिसत नाही, मग नुसती कणसं खा

पुणेकर_पाहुणा
छान धागा. प्रश्न : एकच दिवस आहे, फेब्रुवारीतला पहिला आठवडा, दोन लहान मुलं. क्रम काय ठेवू?

करवीरवासिनी
१ किंवा २ तारखेला या म्हणजे किरणं साधतील. सकाळी लवकर तालीम, मग टाऊन हॉल (सोमवार नाही ना बघा), दुपारी चप्पल लाइन सावलीसावलीनं, साडेचारला देवळात. रंकाळा सूर्यास्ताला जमणार नाही, सूर्य एकच आहे. अंधार पडल्यावर जा, पोरं चौपाटीवर पळतील.

कट_जादा
आणि मिसळ सकाळी अकराच्या आत. नंतर कट (मिसळीचा रस्सा) उरतो तो तळाचा, नुसता मसाला. पोरांसाठी कट वेगळा मागा आणि ब्रेड आधी सांगा, पाव समजून बसाल तर स्लाइस येईल.

पुणेकर_पाहुणा
पाव मिळतच नाही?

कट_जादा
मिळतो. पुण्यात.