पाच-सात वर्षांच्या मुलांना अमेरिकेचा इतिहास: दंतकथा आधी की खऱ्या गोष्टी?

पाटीपेन्सिल
पालकांच्या धाग्यावर काल एकांनी लिहिलं, की इथे अमेरिकेत वाढणाऱ्या लहान मुलांना चेरीचं झाड तोडल्याचं खरं सांगून टाकणारा छोटा वॉशिंग्टन, इंग्रज कॅप्टन स्मिथचा जीव वाचवणारी मूळनिवासी मुलगी पोकाहॉन्टस आणि वसाहतवाले व मूळनिवासी यांची थँक्सगिव्हिंगची मेजवानी आहे तशीच सांगावी, खरंखोटं मोठेपणी बघता येईल. उत्तर लांबणार, म्हणून वेगळा धागा काढतेय.

गोष्टींना माझा विरोध नाही, या वयाला दुसरा मार्गच नाही. पण खऱ्या गोष्टी हाताशी असताना रचलेल्या कशाला? चेरीची गोष्ट वीम्स नावाच्या पाद्र्याने वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रात, तीही १८०६ च्या आवृत्तीत घातली. पोकाहॉन्टसने आपल्याला वाचवल्याचं स्मिथच्या १६०८ च्या वृत्तांतात नाहीच. ते येतं १६२४ मध्ये, ती जाऊन सात वर्षं झाल्यावर.

त्यापेक्षा टिस्क्वांटम या वाम्पानोआग जमातीच्या माणसाची गोष्ट घ्या. चार बैठका, दहा-दहा मिनिटांच्या. पहिलीत त्याचं पटक्सेट गाव, मका आणि समुद्र. दुसरीत १६१४: हंट नावाचा कप्तान त्याला पळवून स्पेनला विकायला नेतो, तिथून तो लंडनला पोचतो. तिसरीत १६१९: तो घरी परततो तर साथीने गाव रिकामं. चौथीत मेफ्लॉवर जहाजाने आलेले इंग्रज त्याच जागी घरं बांधतात आणि हा त्यांना मका लावायला शिकवतो. बहुतेक जण थेट चौथीपासून सुरू करतात आणि तिथेच फसतात. मूल विचारतं, ‘त्याला इंग्रजी कसं येत होतं?’ मग मागची सगळी गोष्ट घाईघाईत दोन वाक्यांत उरकावी लागते.

ऋतुगंध
पूर्ण असहमत. अख्खं गाव साथीत गेलं हे पाच वर्षांच्या मुलाला झोपताना सांगायचं? मेफ्लॉवरच्या १०२ प्रवाशांपैकी निम्मे पहिल्या हिवाळ्यात दगावले, तेही? या वयाला एक माणूस, एक पेच आणि एक शेवट लागतो. चेरीच्या गोष्टीत ते नेमकं आहे. तानाजीची घोरपड आपण सांगतोच ना? तिने कुणाचं काय बिघडलं?

पाटीपेन्सिल
झोपताना सांगा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. दुपारी सांगा आणि लगेच हाताला काम द्या. ‘खूप लोक आजारी पडले, तेव्हा त्यावर औषध नव्हतं’ एवढं एक वाक्य पुरतं, पुढचं मूल विचारेल तेवढंच. घोरपडीबद्दल म्हणाल तर दंतकथेला ‘असं सांगतात की’ आणि पुरावा असलेल्या गोष्टीला ‘असं लिहून ठेवलंय की’ अशी सुरुवात करा. रोज न चुकता केलं तर सहा वर्षांच्या मुलालाही फरक कळतो. एकदा करून सोडलं तर नाही.

खडूफळा
हाताच्या कामावरून सांगायलाच हवं. दर नोव्हेंबरला शाळांतून कागदी पिसांचे मुकुट आणि तंबू घरी येतात, त्याचा मला संताप आहे. तसे मुकुट आणि तंबू मैदानी प्रदेशातल्या जमातींचे. वाम्पानोआग लोक राहायचे घुमटासारख्या वेटूमध्ये. कोवळ्या फांद्या वाकवून सांगाडा करायचे, त्यावर झाडाची साल किंवा लव्हाळ्याच्या चटया घालायचे. मुलांना हाच करायला द्या: मातीचा जाड गोल तळ, आठ-दहा काड्या, वरून खाकी कागद. वाळक्या काड्या मोडतात, त्या रात्रभर भिजवा. तळ पातळ झाला तर सांगाडा उपसून येतो.

मेजवानीचं म्हणाल तर वसाहतीतल्या विन्स्लोचं डिसेंबर १६२१ चं पत्र आहे: तीन दिवस, वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट याच्याबरोबर सुमारे ९० माणसं, पाच हरणं. वसाहतीत उरले होते पन्नासच्या आसपास. ९० दाणे एकीकडे, ५० दुसरीकडे मांडा. कोण कोणाच्या घरी पाहुणा होतं ते मुलं आपणच विचारतात.

दर्यावर्दी
एवढं कशाला? आपल्या मुलांसाठी बॉस्टनच्या चहापासून सुरू करा. कंपनी सरकारने भारतातला चहा महाग करून विकला, लोकांनी तो समुद्रात फेकला. मुलांना लगेच जवळचं वाटतं.

खडूफळा
एका वाक्यात दोन चुका आहेत. चहा चीनचा होता. १७७३ मध्ये आसामात मळेच नव्हते. आणि तो महाग नाही, स्वस्त झाला होता. नव्या कायद्याने कंपनीला थेट माल पाठवता आला. पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर मात्र तसाच राहिला आणि तो लोकांना न विचारता लावलेला होता.

दर्यावर्दी
‘स्वस्त झाला म्हणून चिडले’ हे सात वर्षांच्या मुलाला तुम्ही समजावून दाखवाच! उगाच चुका काढू नका.

खडूफळा
चूक आहे म्हणून काढली. आणि समजावता येतं. प्रत्येकाला राजम्याचे दहा दाणे द्या. आधी मुलांनीच हात वर करून ठरवलेल्या खेळासाठी तीन-तीन दाणे घ्या. मग दुसऱ्या खोलीतून चिठ्ठी आणा: ‘प्रत्येकी एक दाणा द्या.’ तीन गेले तेव्हा गप्प बसलेली मुलं एकावर भांडतात. बरेच शिक्षक दाणे नुसते वाढवत नेतात, त्यातून मूल ‘कर वाईट’ एवढंच शिकतं.

पाटीपेन्सिल
त्यात घड्याळही आणा. चहाचं ‘डार्टमथ’ जहाज २८ नोव्हेंबरला बॉस्टनला आलं. वीस दिवसांत कर भरला नाही तर माल जप्त. म्हणून १६ डिसेंबरची रात्र. वीस चौकोनांची पट्टी काढून रोज एक खोडा, शेवटी सुमारे ३४० पेट्या पाण्यात.

दर्यावर्दी
चीनचं मान्य. पण कंपनीचा धागा मी सोडणार नाही. राघोबाचा कंपनीशी सुरतेचा तह मार्च १७७५ चा, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध जिथून पेटलं ती लेक्सिंग्टनची चकमक एप्रिल १७७५ ची. त्याच युद्धात यॉर्कटाऊनला १७८१ मध्ये शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये कोलकात्याला गव्हर्नर जनरल. भिंतीवर चार मीटर दोरी लावा, १६०० ते १८००, वर्षाला दोन सेंटीमीटर, वर अमेरिका आणि खाली मराठे.

खडूफळा
दोरी उत्तम. दहा-बारा चिठ्ठ्यांवर जाऊ नका, गर्दी झाली की मूल बघत नाही. मेफ्लॉवरचं १६२० आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं १७७६ यांच्यात तीन मीटरहून जास्त अंतर दिसायलाच हवं, नाहीतर पोकाहॉन्टस आणि वॉशिंग्टन त्यांना शेजारी वाटतात.

ऋतुगंध
दाण्यांचं पटलं, एवढंच. चेरी मी काढणार नाही. ‘असं सांगतात की’ लावून सांगेन.

पाटीपेन्सिल
लावा. पण वॉशिंग्टनची खरी गोष्ट हवी तर ओना जज आहे. त्यांच्या घरातली ही गुलाम मुलगी मे १७९६ मध्ये फिलाडेल्फियातून, घरची मंडळी जेवत असताना निघाली आणि जहाजाने उत्तरेकडे न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोचली. वॉशिंग्टननी तिला परत आणायचा प्रयत्न केला, ती गेली नाही. एक माणूस, एक पेच, एक शेवट, तुम्हाला हवं तेच. सहा वर्षांच्या आत नको, आणि त्याआधी १६१९ ची गोष्ट झालेली हवी, म्हणजे व्हर्जिनियातल्या पॉइंट कम्फर्टला आणून विकलेली आफ्रिकेतली वीसेक माणसं. नाहीतर ‘ती त्यांची कशी?’ या प्रश्नावर गोष्ट तिथेच अडते.