जेम्सटाउनची मूळ कागदपत्रे: एकाच लेखकाचे दोन वृत्तांत जुळत नसतील तर कोणता ग्राह्य धरावा?

प्रश्न

अमेरिकेतील आरंभीच्या इंग्रज वसाहतींचा, विशेषतः १६०७ साली व्हर्जिनियात वसलेल्या जेम्सटाउनचा इतिहास दुय्यम ग्रंथांवर न विसंबता अस्सल साधनांतून अभ्यासावा, असे ठरवले आहे. पण पहिल्याच पायरीवर अडलो. वसाहतीचा एक पुढारी कॅप्टन जॉन स्मिथ डिसेंबर १६०७ मध्ये तेथील मूळ रहिवाशांचा प्रमुख पाउहाटन याच्या लोकांच्या हाती सापडला. १६०८ साली लंडनमध्ये छापलेल्या त्याच्या वृत्तांतात पाउहाटनने त्याचे आगतस्वागत करून त्याला भरपेट खाऊ घातल्याचे आहे, मात्र पाउहाटनची मुलगी पोकाहोंटस हिने मध्ये पडून त्याचे प्राण वाचवल्याचा उल्लेखही नाही. तो प्रसंग सविस्तर येतो तो १६२४ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात. लेखक एकच आणि दोन्ही साधने अस्सल असताना निवड कशी करावी? शिवाय हस्तलिखिते प्रत्यक्ष पाहणे मला शक्य नाही. छापील प्रतींवर काम भागते का?

प्रतिसाद १

आपल्याकडे समकालीन पत्र आणि मागाहून लिहिलेली बखर यांत जो भेद केला जातो, तो येथेही लावता येईल, परंतु तेवढ्याने सुटका होत नाही. १६०८ चा मजकूर घटनेला जवळचा असला तरी तो स्मिथच्या देखरेखीशिवाय छापला गेला, आणि स्मिथने आणखीही काही लिहिले होते पण ते खासगी ठेवणे योग्य वाटल्याने छापले नाही, असे प्रकाशकाने प्रस्तावनेतच सांगून टाकले आहे. म्हणजे त्यातील मौन स्मिथचे की प्रकाशकाचे, हे ठरवता येत नाही. दुसरीकडे, १६२४ पर्यंत पोकाहोंटस (१६१७) आणि पाउहाटन (१६१८) दोघेही निवर्तले होते, आणि मूळ रहिवाशांनी केलेल्या १६२२ च्या हल्ल्यात ३४७ वसाहतवाले मारले गेल्याची यादी इंग्लंडमध्ये छापून झाली होती. स्मिथला खोडून काढू शकतील असे तिकडचे फारसे कोणी उरले नव्हते. काही अभ्यासक हा प्रसंग घडला असे मानतात, पण तो दत्तक घेण्याचा विधी होता आणि स्मिथला तो उमगला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मी स्वतः धान्याची देवघेव, गावे, अंतरे यांसाठी १६०८ चा वृत्तांत वापरतो आणि १६२४ चा ग्रंथ स्मिथला स्वतःची कोणती प्रतिमा उभी करायची होती हे पाहण्यासाठी वाचतो.

प्रतिसाद २

छापील प्रतींवर काम निश्चित भागते, फक्त प्रत पारखून घ्यावी. सुसान किंग्जबरी यांनी संपादित केलेली, ही वसाहत चालवणाऱ्या लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीची कागदपत्रे १९०६ ते १९३५ या काळात चार खंडांत प्रसिद्ध झाली. त्यांत मूळ लेखनपद्धती राखली आहे आणि हे खंड आंतरजालावर विनामूल्य मिळतात. सुलभ केलेली निवडक संकलने सवयीपुरती ठीक आहेत, पण उद्धृत करताना किंग्जबरीकडेच जावे.

तारखांबाबत मात्र सावध राहावे. इंग्लंडात १७५२ पर्यंत ज्युलियन पंचांग होते आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे ‘जानेवारी १६१९’ असे लिहिलेले पत्र आपल्या हिशेबाने जानेवारी १६२० चे ठरते. शिवकालीन इंग्रज वखारींचे कागद चाळणाऱ्यांना हा घोळ ठाऊक असतोच, कारण राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही ज्युलियनच आहे.

प्रतिसाद ३

वरील उदाहरणातले पत्र जॉन रॉल्फ या वसाहतवाल्याचे, कंपनीचे लंडनमधील प्रमुख सर एडविन सँडिस यांना लिहिलेले. ऑगस्ट १६१९ अखेर एका डच लढाऊ जहाजाने ‘वीस आणि काही’ आफ्रिकी माणसे आणली आणि गव्हर्नर व व्यापारी अधिकारी यांनी ती अन्नसामग्रीच्या बदल्यात घेतली, एवढेच तो लिहितो. ही माणसे कुठून आली, याबद्दल अक्षर नाही. तो दुवा १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून, स्पॅनिश हिशेबांच्या आधारे मिळाला: आफ्रिकेतील अंगोलाच्या लुआंडा बंदराहून मेक्सिकोतील व्हेराक्रूझला निघालेले पोर्तुगीज जहाज इंग्रज चाच्यांनी वाटेत लुटले होते. ‘डच’ म्हटलेले ‘व्हाइट लायन’ हे जहाजही वस्तुतः इंग्रजांचेच निघाले. इंग्रजी कागदांचा ढीग कितीही उपसला असता तरी लुआंडाचा पत्ता लागणे अवघड होते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे आभार. मग मूळ रहिवाशांच्या बाजूचे कागद आहेत का?

प्रतिसाद १

पाउहाटनच्या लोकांचे त्या काळातले स्वतःचे लेखन नाही. न्यू इंग्लंडमध्ये मात्र मिशनऱ्यांमुळे लेखन रुजल्यावर मूळ रहिवाशांनी मॅसॅच्युसेट भाषेत स्वतः लिहिलेली जमिनीची खतपत्रे व इतर कागद टिकले आहेत. जेम्सटाउनपुरते बोलायचे तर उत्खनन हाच दुसरा साक्षीदार. १६०९-१० च्या दुष्काळी हिवाळ्यात भुकेल्यांनी प्रेते उकरून खाल्ली, असे जॉर्ज पर्सीने पुढे लिहिले. तो त्या वेळी वसाहतीचा प्रमुख होता आणि स्मिथच्या ग्रंथाला उत्तर म्हणून लिहीत होता, त्यामुळे त्याच्या शब्दावर संशय घेणे स्वाभाविक होते. २०१२ साली सुमारे चौदा वर्षांच्या मुलीची कवटी सापडली आणि तिच्यावर मांस काढताना झालेले घाव आढळले.

आरंभ करायचाच तर रिचर्ड फ्रेथॉर्न या करारबद्ध नोकराने १६२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये आईवडिलांना लिहिलेले पत्र घ्यावे. ते किंग्जबरीच्या चौथ्या खंडात आहे. वाटाणे आणि पातळ पेजेवर दिवस काढणारा हा मुलगा घरी विनवतो की, मला सोडवा, नाहीतर खायला तरी पाठवा. त्याच महिन्यांतील लंडनच्या बैठकांचे इतिवृत्त दुसऱ्या खंडात आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचावे, आणि कंपनीची चौकशी त्याच वर्षी सुरू होऊन १६२४ साली तिची सनद रद्द झाली हे ध्यानात घेऊन, एका नोकराचे घरगुती पत्र नेमके कोणी व कशासाठी जपले असेल, हेही तपासावे.