४११ द्यायची की ठेवायची

सहा वर्षं वापरलेली रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ मोटरसायकल एक्स्चेंजला देऊन तिचं नवं मॉडेल ४५० घ्यावी का, असं विचारलंत. मीही साताऱ्यात ४११च चालवतो, म्हणून लिहितो.

कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात फरक फारसा कळत नाही. तिथं ४११ खालच्या गिअरमध्ये निवांत चढते, आणि सीझनच्या रविवारी पुढं गाड्यांची रांग असते, पळायचंय कुणाला! फरक कळतो हायवेला. खंबाटकी ओलांडून पुण्याकडं निघालं की शंभरच्या आसपास आपली गाडी दमते. साधारण २४.५ पीएस (इंजिनाची ताकद) आणि पाच गिअर, त्यात काय होणार? मित्राची ४५० चालवली: ४० पीएस, सहावा गिअर, लिक्विड कूलिंग. ओव्हरटेकला विचार करावा लागत नाही. वजन जवळपास तेवढंच, पण सीट ८००ऐवजी ८२५ मिमी. उंची बेताची असेल तर आधी बसून बघा.

मला इथल्या एका शोरूमनं एक्स्चेंजला सांगितलेला भाव ऐकून चहाही गोड लागेना. ओळखीत बाहेर विकली तर बरे मिळतात. मात्र मालकी बदलायचे फॉर्म २९-३० सह्या करून दिले म्हणजे सुटलो असं समजू नका. आरसीवर नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करा. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. तो नव्या पॉलिसीला लावून घ्या.

लडाख किंवा दक्षिण डोक्यात असेल तर बदला. ठोसेघर-बामणोलीपुरतं फिरणं असेल तर चेनसेट, टायर नवे टाका. मी तेच केलंय.