इंदूरचा कित्ता ग्वाल्हेरनं गिरवावा का?

रामबागकर मावशी, इंदूर:
भाचा ग्वाल्हेरहून आलाय. सकाळी केळ्याचं साल टाकायला डबा विचारला, तर मी म्हटलं, ओल्याचा तो हिरवा. प्लास्टिकचा निराळा, सॅनिटरीचा निराळा, संपलेल्या बॅटऱ्यांची पिशवी खिडकीत. "मावशी, एवढं कोण करतं?" अरे, आम्ही करतो! स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे शहरांच्या स्वच्छतेच्या सरकारी क्रमवारीत, 2016 ला इंदूर 25वं होतं, 2017 ला पहिलं आलं आणि 2023 पर्यंत हटलंच नाही. इथल्या देवगुराडियाच्या कचरा डेपोत सुमारे 13 लाख टन जुन्या कचऱ्याचा डोंगर होता, तो उपसला. ग्वाल्हेर-बडोद्यालाही हे जमेल. कचरा उंबऱ्याच्या आत वेगळा झाला पाहिजे, एवढंच.

लष्करवाला, ग्वाल्हेर:
एवढंच नाही, मावशी. तुमचा बायो-सीएनजी प्रकल्प दिवसाला 550 टन ओला कचरा पचवतो, म्हणून त्या गॅसवर सिटी बस धावतात. 2011 च्या जनगणनेत तुम्ही 19 लाखांच्या वर, आम्ही जेमतेम साडेदहा लाख. तेवढा ओला कचरा आम्ही आणायचा कुठून? आणि 2020 च्या यादीत बडोदा दहावं, ग्वाल्हेर तेरावं होतं. याला मागे पडणं म्हणत नाहीत.

रामबागकर मावशी:
प्रकल्प 2022 ला सुरू झाला. आम्ही पहिले आलो त्याच्या पाच वर्षं आधी. तेव्हा होत्या त्या घरोघर फिरणाऱ्या गाड्या आणि आमचे डबे.

पुण्यात राहून आलेली, इंदूर:
मावशी, तुमचं पटतं, पण नंबरावर शहर मोजणं मला पटत नाही. 2023 ला शहरांत आपण सुरतेबरोबर पहिले, राज्यांत मात्र महाराष्ट्र पहिला आणि मध्य प्रदेश दुसरा. मग पुढे कोण? पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था दारोदार कचरा घेते. आमच्या सोसायटीत येणाऱ्या काकू जिन्याखाली बसून पुठ्ठा, काच, दुधाच्या पिशव्या वेगळ्या करायच्या. त्या विकून आलेले पैसे त्यांचेच. इंदूरचे रस्ते चकचकीत झाले तेव्हा इथल्या भंगार वेचणाऱ्या बायकांचं काय झालं, हे मी दहा जणांना विचारलंय. कुणीच सांगू शकलं नाही. तुलना करायची तर तिथूनही करा.

रामबागकर मावशी:
हे मी कधी विचारलंच नव्हतं गं. आमच्या गल्लीत एक यायची, पाठीवर पोतं घेऊन. बरीच वर्षं दिसली नाही.

लष्करवाला:
आमच्याकडे अजून येते. वाड्यात सात घरं आहेत. तुमच्यासारखे सहा डबे कुणी ठेवणार नाही, पण दोन ठेवायला मी सगळ्यांना तयार करतो. सुका कचरा तिच्याच हातात देऊ.