काळ्या समुद्रातल्या माइन्सबद्दल (पाण्यात पेरलेल्या सुरुंगांबद्दल) मदत हवी आहे (माजी नौदलवाले, मर्चंट नेव्हीवाले प्लीज बघा)

मंडळी, मी कोल्हापूरचा, धाकटा भाऊ धान्याच्या बल्क कॅरिअरवर थर्ड ऑफिसर आहे, पुढच्या महिन्यात रोमानियातल्या कॉन्स्टान्झा बंदरात जॉइन होऊन युक्रेनमधल्या ओडेसाला जाणार. जायचं की नाही हा प्रश्न नाही, त्याचं ठरलंय.

नेव्हेरिया ३ चे (भूमध्य आणि काळ्या समुद्रातल्या जहाजांना धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेचे) इशारे रोज वाचतोय, को-ऑर्डिनेट्स वहीत उतरवून नकाशावर पेन्सिलने फुल्या मारल्यात. तुर्की, रोमानिया, बल्गेरियाने जानेवारी २०२४ मध्ये माइन्स काढायला एकत्र पथक करायचा करार केला हेही माहिती आहे. १९०७ च्या हेग करारानुसार नांगरलेली माइन दोर तुटला की निकामी व्हायला पाहिजे, पण जुन्या गंजलेल्या माइनचं काय सांगणार, खरी काळजी तीच लागून राहिलीय. तळाशी बसणाऱ्या माइन्समध्ये तर काउंटर असतो म्हणे, पहिली काही जहाजं सोडून नंतरच्याखाली फुटते, म्हणजे आधीचं जहाज सुखरूप गेलं याला काही अर्थच नाही.

गावात विचारलं तर सगळे जुन्या स्वीपरबद्दल (माइन्स काढणाऱ्या जहाजांबद्दल) सांगतात, दोर कापून माइन वर आणायची आणि गोळी घालायची. ते कळलं.

मला एवढंच सांगा, माइन्स काढून साफ केलेल्या चॅनलमध्ये (जहाजांच्या वाटेत) मोठ्या वादळानंतर सोनारने परत तपासणी होते का, आणि झाली की नाही हे ब्रिजवरच्या (जिथून जहाज चालवतात तिथल्या) माणसाला नेमकं कुठून कळतं?