अनुभव धागा : कमी बजेटमध्ये साखरपुड्याची अंगठी आणि सोनं, गोव्यात काय बघून घ्यावं?

चवथ आटोपली की तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा ठरायला लागतात आणि घरात मुदीचा, म्हणजे अंगठीचा, विषय निघतो. सोनारकाम करणारे, पेढीवर हिशेब बघणारे, खडे बसवणारे असे बरेच जण इथे आहेत. त्यांना विनंती, स्वतःच्या खरेदीची हकिकत न सांगता नव्या जोडप्याला उपयोगी पडेल असं नेमकं लिहा. दुकानांची नावं नकोत.

पणजी, पेढीवरचा हिशेब

आधी बिलाच्या ओळी समजून घ्या. अंगठीची किंमत चार गोष्टींची बनते: सोन्याचं निव्वळ वजन, शुद्धता, घडणावळ आणि खडा. चारही वेगळे लिहून मागा. एकच गोळा आकडा सांगितला तर घासाघीस कशावर करायची तेच कळत नाही.

हिशेबाच्या सोयीसाठी २४ कॅरटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरू. १८ कॅरट म्हणजे ७५ टक्के सोनं, म्हणून ग्रॅमला ७,५००. अंगठी काट्यावर २.५६ ग्रॅम भरली आणि त्यात ३० सेंटचा हिरा आहे. खड्याच्या वजनाचा कॅरट सोन्याच्या शुद्धतेच्या कॅरटहून वेगळा: १ कॅरट म्हणजे १०० सेंट किंवा ०.२ ग्रॅम, त्यामुळे हिऱ्याचं वजन ०.०६ ग्रॅम आणि निव्वळ सोनं २.५० ग्रॅम. सोन्याचे १८,७५० झाले. घडणावळ १२ टक्के धरली तर २,२५०. दोन्ही मिळून २१,००० आणि त्यावर ३ टक्के जीएसटी ६३०. हॉलमार्कचे (शुद्धतेच्या अधिकृत खुणेचे) एका नगाला ४५ रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ५३.१०. हिऱ्याची ओळ वेगळी, आणि अंगठीत बसवलेल्या हिऱ्यावरही तोच ३ टक्के कर.

इथे खड्याचं वजन सोन्याच्या भावात धरलं असतं तर ४५० रुपये जास्त गेले असते. मोठ्या रंगीत खड्यात किंवा आतली पोकळी लाखेने भरलेल्या दागिन्यात हाच फरक हजारांत जातो. सोन्याच्या दरात सूट सहसा मिळत नाही, घडणावळीत मिळते. सगळा जोर तिथे लावा.

वास्को

हलकी मुदी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. बजेटमधल्या पुष्कळ अंगठ्या नेमक्या १.७-१.८ ग्रॅमच्या असतात. अशी अंगठी हॉलमार्क नसलेली निघाली म्हणजे ती खोटी असं नाही, पण शुद्धतेची जबाबदारी बिलावर लेखी हवी.

त्याहून जड असेल तर आतल्या बाजूला तीन खुणा बघा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता (22K916, 18K750 किंवा 14K585) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही. पैसे देण्याआधी तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता हातातल्या वस्तूशी जुळली पाहिजे. ॲपमध्ये कानातलं आलं आणि हातात अंगठी असेल तर तिथूनच उठा. शुद्धता खुणेपेक्षा कमी भरली तर नियमाप्रमाणे फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळतो. पण त्यासाठी बिल लागतं.

म्हापसा, घडाई

गिऱ्हाईक येतं ते "२२ कॅरटच पाहिजे" असं म्हणत. साध्या वळ्याला २२ चालतं. खडा बसवायचा असेल तर नको. २२ कॅरट मऊ असतं, खडा धरणारे काटे कपड्यात अडकून उघडतात आणि खडा कधी पडला ते कळतही नाही. १८ किंवा १४ कॅरट घ्या, स्वस्त पडतं आणि टिकतंही.

वजन कुठे कमी करायचं हे महत्त्वाचं. आजकाल मशीनवर आतून पोकळ केलेल्या अंगठ्या येतात. दिसायला भरदार असतात, पण दबल्या की सरळ करता येत नाहीत. त्यापेक्षा पट्टी अरुंद घ्या, पण भरीव. तळहाताकडची जाडी दीड मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका, कारण गाडीचं हँडल आणि बादलीची कडी धरताना दाब तिथेच येतो. रोज दुचाकी चालवणाऱ्यांनी उंच चार काट्यांऐवजी खड्याला चहूबाजूंनी धरणारी बंद चौकट किंवा सहा काटे घ्यावेत. पट्टीच्या पूर्ण घेरावर खडे बसवलेली अंगठी माप बदलून मिळत नाही. लग्नानंतर बोट जाड झालं तर ती कपाटात जाते.

पांढऱ्या सोन्यावर रोडियमचा मुलामा असतो. तो झिजला की खालचा पिवळसर रंग दिसतो आणि पुन्हा मुलामा द्यावा लागतो. बजेट कमी असेल तर पिवळंच बरं.

डिचोली

माप संध्याकाळी घ्या, सकाळी एसीत बसून नको. नीट बसणाऱ्या अंगठीचा आतला घेर मिलिमीटरमध्ये मोजून त्यातून ४० वजा केले की आपल्याकडचा नंबर येतो: ५२ मिमी म्हणजे १२ नंबर. पट्टी रुंद असेल तर अर्धा-एक नंबर मोठा.

मडगाव, खडे

हिऱ्यात पैसे वाचवायच्या जागा ठरलेल्या आहेत. ५० सेंट आणि १ कॅरट या आकड्यांवर दर कॅरटमागचा भाव उडी मारतो. ४६-४८ सेंटचा हिरा घेतला तर डोळ्याला फरक दिसत नाही. पिवळ्या सोन्यात किंचित पिवळसर, म्हणजे आय (I) किंवा जे (J) दर्जाचा रंग चालतो, कारण सोन्याचीच झाक खड्यात उतरते. हिऱ्याच्या आतल्या स्वच्छतेत व्हीएस२ (VS2) दर्जा किंवा नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारा एसआय१ (SI1) पुरे. कट (पैलूंची घडण) मात्र सोडू नका, चमक तिथूनच येते.

३० सेंटचा गोल हिरा साधारण ४.३ मिलिमीटरचा, १ कॅरटचा ६.५ चा. मोठं दिसायला हवं असेल तर प्रेशर सेटिंग (खडे एकमेकांना दाबून बसवलेले) बघा: मधे एक आणि भोवती सहा, प्रत्येक ३ सेंटचा, २ मिलिमीटरचा. एकूण २१ सेंटमध्ये ६ मिलिमीटरचं फूल दिसतं. यातला एक खडा सुटला तर सगळेच ढिले होतात आणि दुरुस्ती किचकट असते, एवढं धरून चाला.

लॅबमध्ये बनवलेला हिरा हा हिराच आहे, घटक तेच, काठिण्य तेच. पण परत विकताना जवळजवळ काही मिळत नाही. फक्त घालायला घेत असाल तर उत्तम. हिरा ओळखायचं पेनासारखं मशीन लावून "बघा, वाजलं" म्हणून दाखवतात, त्यावर जाऊ नका. लॅबच्या हिऱ्यालाही ते वाजतं, साध्या मशीनवर मॉइसनाइटलाही (हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडा) वाजतं. आयजीआय किंवा जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा दाखला मागा आणि हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक दहापट भिंगातून जुळवा.

फोंडा

घरातलं जुनं सोनं मोडून अंगठी करायची असेल तर सगळ्यात जास्त पैसा तिथेच वाचतो आणि तिथेच जातो. शुद्धता मोजणारं कॅरट मीटर फक्त वरचा थर वाचतं, म्हणून दोन-तीन जागी लावायला सांगा, जोडाजवळसुद्धा. जुन्या दागिन्यात डाग (जोड द्यायला वापरलेला हलका धातू) जास्त असतो, तो वितळून मिसळला की शुद्धता उतरते. मण्यांतली लाख आधी काढून मग वजन करा. वितळवण्याआधी आणि नंतर काटा समोर बघा, तीन दशांशांचा असेल तर चांगलं.

आजीच्या वहीतला तोळा ११.६६४ ग्रॅमचा, आजचा १० चा. लिस्बनहून आलेले दागिने असतील तर २२ कॅरट गृहीत धरू नका, पोर्तुगालचं नेहमीचं मानक ८००, म्हणजे १९.२ कॅरट आहे. शंका असेल तर बीआयएस मान्य तपासणी केंद्रात चार नगांपर्यंत २०० रुपयांत तपासून मिळतं. आणि जुनं देऊन नवं घेतलं तरी जीएसटी नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो, फरकावर नाही.

पेडणे

कोल्हापूरच्या गुजरीत (सराफ बाजारात) स्वस्त पडतं का, हे नेहमी विचारतात. जीएसटी सगळीकडे ३ टक्केच आहे. फरक पडला तर घडणावळीत. तीन-चार तोळ्यांचं सोनं एकदम घ्यायचं असेल तर जा. एका मुदीसाठी नको, माप चुकलं की परत घाट चढायचा.

काणकोण

समुद्रावर जाताना अंगठी घरी ठेवा. थंड पाण्यात बोट आकसतं आणि लाटेत ती निसटते. स्विमिंग पूलच्या क्लोरीनने १४ कॅरटचे बारीक काटे ठिसूळ होतात. घरी स्वच्छ करायला कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश पुरे. पाचू किंवा मोती असेल तर सोनाराकडच्या थरथरणाऱ्या मशीनमध्ये टाकू देऊ नका, पाचूमधलं तेल निघून भेगा दिसायला लागतात.

साखळी

सोनं घेण्यासाठी सराफांच्या मासिक हप्त्याच्या योजना बहुतेक ११ महिन्यांच्याच का असतात? मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम कंपनीने ३६५ दिवसांत माल देऊन फेडली नाही तर ती ठेव धरली जाते, म्हणून. यात विचारायचं ते असं: हप्ता भरताना त्या दिवसाच्या दराने ग्रॅम जमा होतात की फक्त रुपये? सूट घडणावळीवर असेल तर किती टक्क्यांपर्यंत, आणि खड्याच्या अंगठीला लागू आहे का? पुष्कळ योजनांत हिऱ्याचे दागिने वगळलेले असतात. २ लाखांहून मोठं बिल असेल तर पॅन कार्ड लागतं, आणि २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही.

ऑर्डर द्यायची असेल तर दिवाळीआधी द्या. तुळशीच्या लग्नानंतरची लग्नं आणि नाताळाच्या सुमाराची ख्रिस्ती लग्नं यांचं काम कारागिरांकडे एकदम येतं. त्या घाईत पहिल्यांदा आखडतं घेतलं जातं ते काटे घासून गुळगुळीत करण्याचं काम. अंगठी ताब्यात घेताना लोकरीच्या कपड्यावरून फिरवून बघा, धागा अडकला तर तिथल्या तिथे परत द्या.